जुन्या मुंबईचे फोटो कुणी काढले, कुणाला विकले?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितलं, "वीस मिनिटं बोल, विषय तुझा तू ठरव, फक्त कॉम्प्युटरवर नको." मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, तेव्हा त्यांची भीती रास्त आहे. म्हणून मी माझ्या छंदाबद्दल बोलणार आहे. १८५० ते १९०० या पन्नासएक वर्षांत मुंबईतल्या इमारतींचे जे फोटो निघाले ते कुणी काढले, कसे काढले आणि मुख्य म्हणजे कुणाला विकले, हे शोधत बसायचा मला नाद आहे. त्यात आपल्या शाळेचा काय संबंध, ते शेवटी येईल.

'जुनी मुंबई' अशा नावाने वीस-पंचवीस फोटोंचा एक गठ्ठा दर दोन-तीन महिन्यांनी आपल्या सगळ्यांच्या फोनवर येतो. इराण्याच्या हॉटेलात, बँकेच्या कॅलेंडरवर, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्येही तेच टांगलेले असतात. टाऊन हॉल, म्हणजे आपली एशियाटिक लायब्ररी. राजाबाई टॉवर. व्हीटी, समोर दोन घोडागाड्या. वॉटसनचं हॉटेल. बाणगंगेचा तलाव. आपण बघतो, "काय सुंदर होती हो मुंबई, किती मोकळी!" असं म्हणतो आणि पुढे पाठवतो.

मला त्या मोकळेपणाचीच शंका आली. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली होती. कापसाच्या तेजीचे दिवस, गावोगावहून माणसं येऊन थडकत होती. मग एवढी माणसं फोटो काढायच्या वेळी गेली कुठे? आणि ती राहत होती ती घरं कुठे आहेत? मांडवी, भुलेश्वर, कामाठीपुरा, आपलं गिरगाव, यांचा त्या गठ्ठ्यात पत्ता नाही. याला दोन कारणं आहेत. एक रसायनाचं, दुसरं पैशाचं. रसायनाचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे.

फोटोग्राफीची कृती १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झाली. दागेरची ती पद्धत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरची. चित्र सुरेख यायचं, पण एकच. त्याची दुसरी प्रत काढता येत नसे. चेहऱ्याचा फोटो काढून त्या माणसाला विकायला हे ठीक होतं, पण एका इमारतीचा फोटो शंभर जणांना विकायचा तर निगेटिव्ह हवी. कागदाची निगेटिव्ह निघाली होती, पण कागदाचे तंतू चित्रात उतरत. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने काचेवरची कलोडियनची पद्धत जाहीर केली, आणि इमारतींच्या फोटोंचा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला.

धंदा म्हटला तरी कष्ट विचारू नका. स्वच्छ पुसलेल्या काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, काच चारी बाजूंना कलती करून ते सारखं पसरायचं, मग ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि ती वाळायच्या आत धुवायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत. कलोडियनमध्ये ईथर असतो आणि मुंबईच्या उन्हाळ्यात तो किती वेळ टिकत असेल, ते आपल्याला रसायनाचे सर सांगतील. म्हणजे फोटोग्राफरला इमारतीसमोर अंधाराचा तंबूच ठोकावा लागे. बरोबर काचांच्या पेट्या, बाटल्या, पाणी, हमाल. मोठा करून छापायची सोय जवळपास नव्हती. जेवढा फोटो हवा तेवढी काच, तेवढाच कॅमेरा. दहा बाय बारा इंचांची काच नेहमीची होती.

फोटो घ्यायला काही सेकंद लागत, उजेड कमी असेल तर त्याहून खूप जास्त. इमारत बिचारी हलत नाही. चालणारा माणूस मात्र काचेवर उमटतच नाही. घोडागाडी उभी असेल तर दिसते, पण घोड्याने मान हलवली तर त्याला डोकं नसतं. रस्त्यात एखादा पट्टेवाला किंवा पेंगणारा पहारेकरी तेवढा स्पष्ट दिसतो, कारण तोच काय तो स्थिर होता. रस्ता भरलेला असूनही काचेवर रिकामा उतरला, म्हणून ती मुंबई मोकळी. त्या काचेला निळा रंग फार चटकन लागायचा, त्यामुळे आकाशही कायम पांढरं फटक. त्या काळी मुंबईत ढगच नव्हते असं वाटावं.

आणि छपाई अंड्यावर. कागदाला मीठ घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप द्यायचा, त्यावर चांदीचं द्रावण, वर काच ठेवून उन्हात छापायचं. जर्मनीत ड्रेस्डेनला असा कागद करणारे कारखाने होते. त्यातल्या एकात दिवसाला साठ हजार अंडी लागत. तेव्हा जुन्या मुंबईचे फोटो शुद्ध शाकाहारी नाहीत, हे इथल्या काही मंडळींनी लक्षात ठेवावं.

आता दुसरं कारण, पैशाचं.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रासच्या सोसायट्या त्यानंतर दोन वर्षांनी निघाल्या. मुंबईच्या सोसायटीत गोरे अधिकारी होते तसे आपले डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजीही होते. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं म्युझियम आज ज्यांच्या नावाने ओळखलं जातं तेच भाऊ दाजी. दोघे भाऊ डॉक्टर, दोघांना या नव्या विद्येचं वेड. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्याच सुमारास फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गात शिकून हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढला. म्हणजे कॅमेरा फक्त साहेबाच्या हातात होता असं नाही. आपली माणसं पहिल्या दोन-चार वर्षांतच त्यात शिरली होती. पण आपल्या माणसांची दुकानं मुख्यतः चेहऱ्यांवर चालत. पागोटं घालून खुर्चीत बसलेले शेठ, संस्थानिक, त्यांची मुलं. घरच्या माणसाचा फोटो आपण विकत घेतो. रोज दिसणाऱ्या गल्लीचा फोटो पदरचे पैसे मोडून कोण घेईल?

इमारतीचा फोटो विकत घेणारा वेगळा होता. तो ती इमारत सोडून जाणारा होता. नोकरीची वर्षं संपवून विलायतेला परतणारा अधिकारी, त्याची मडम, हिवाळ्यात फिरायला आलेला प्रवासी. त्याला घरी दाखवायला आल्बम हवा होता.

विल्यम जॉन्सन नावाचा मनुष्य सरकारी नोकरीतून या धंद्यात आला. विल्यम हेंडरसन यांच्याबरोबर त्याने १८५६ ते १८५८ या काळात एक मासिक चालवलं. दर अंकात तीन अस्सल फोटो चिकटवलेले आणि सोबत थोडा मजकूर, असे चोवीस अंक निघाले. अस्सल म्हणजे काय, तर प्रत्येक प्रतीतला प्रत्येक फोटो उन्हात वेगळा छापलेला. फोटो शाईने छापायची सोय अजून व्यवहारात यायची होती. वर्गणी भरणाऱ्यांसाठी त्यात मुंबई परिसरातल्या इमारती असत, लेणी असत, लोक असत.

याच जॉन्सनने पुढे मुंबईतल्या जाती-जमातींवर फोटोंचं दोन खंडांचं पुस्तक काढलं, १८६३ आणि १८६६ मध्ये. त्यातले फोटो बघताना माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. माणसांच्या अंगावरचा उजेड एका बाजूने आणि मागच्या इमारतीवरचा दुसऱ्या बाजूने! झालं असं होतं की माणसांचे फोटो स्टुडिओत घेतले, ते कापले आणि मुंबईच्या देखाव्यांच्या फोटोंवर बसवून नवा फोटो तयार केला. दीडशे वर्षांपूर्वीचं फोटोशॉप, कात्री आणि खळीचं. फोटोवर आंधळा विश्वास ठेवू नये हे आपण आजच्या मुलांना सांगतो, ते १८६३ सालीही तितकंच खरं होतं. मला त्यात लबाडीपेक्षा गिऱ्हाइकाची नड दिसते. गिऱ्हाइकाला एकाच पानावर माणसंही हवी होती आणि शहरही. ओल्या काचेवर दोन्ही एकदम मिळेनात, म्हणून दुकानदाराने जोडून दिली.

मग आले बोर्न अँड शेपर्ड. सॅम्युएल बोर्न हा नॉटिंगहॅममधला बँकेतला कारकून. १८६३ मध्ये नोकरी सोडून हिंदुस्थानात आला, सिमल्यात स्टुडिओ काढला, हिमालयात तीनदा मोठे प्रवास केले आणि एकदा तर साडेअठरा हजार फुटांच्या खिंडीत ओल्या काचेवर फोटो घेतले. सात-आठ वर्षांत त्याने दोन हजारांहून अधिक काचा जमवल्या आणि १८७० च्या सुमारास तो मायदेशी परत गेला. पेढी मात्र चालू राहिली. सिमला, कलकत्ता, मग मुंबई.

या पेढीने जे केलं ते मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. तिने प्रत्येक काचेवर एक क्रमांक घातला आणि त्या क्रमांकांची छापील यादी काढली. गिऱ्हाइकाने यादी बघून नंबर सांगायचे. पेढी त्या नंबरांची काच काढून, छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून, आल्बम बांधून देणार. कलकत्त्याचा प्रवासी मुंबईचे फोटो मागवू शकत होता, मुंबईचा काश्मीरचे. आमच्या धंद्यात याला 'प्रायमरी की' म्हणतात. बस, कॉम्प्युटरवर एवढंच बोलते. आज एखादा अनोळखी फोटो समोर आला आणि कोपऱ्यात खाली तो बारीक नंबर दिसला की जीव भांड्यात पडतो. जागा कळते, पेढी कळते. ज्या फोटोवर नंबर नाही तो कितीही सुंदर असला तरी अनाथ.

पण यादी ही यादी असते. तिच्यात जे खपतं तेच ठेवतात. मुंबईत काय खपत होतं?

इथे तारखांचा योग पाहा. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत, फोर्टचा तट पाडायला सुरुवात झाली. अपोलो गेट, चर्चगेट, बझारगेट असे तीन दरवाजे होते. आज चर्चगेट स्टेशन आहे, पण 'गेट' कुठे आहे असं आपण लहानपणी विचारायचो ना, ते हेच. तट गेला, मोकळी जागा झाली आणि तिच्यावर एकामागून एक सरकारी इमारती उठू लागल्या. सेक्रेटरिएट आणि विद्यापीठाचा पदवीदान सभागृह १८७४, राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट १८७८, व्हीटी १८८८, महापालिका १८९३. याच काळात, १८६९ मध्ये, सुएझचा कालवा उघडला आणि विलायतेहून येणारा माणूस थेट मुंबईला उतरू लागला. बोटीतून उतरला की समोर या इमारती आणि जवळच फोटोच्या पेढ्या. मुंबईला याहून सोयीचं जमलं नसतं.

आज आपण त्या फोटोंना ऐतिहासिक वास्तूंचे फोटो म्हणतो. २०१८ मध्ये तो सगळा परिसर जागतिक वारशाच्या यादीत गेला, व्हीटी २००४ मध्येच गेलं होतं. पण फोटो काढला तेव्हा त्यातल्या बहुतेक इमारती नव्या कोऱ्या होत्या! दगडाच्या कडा धारदार दिसतात, आवारातली झाडं गुडघ्याएवढी आहेत. बिल्डरच्या माहितीपुस्तकात असतो ना नव्या टॉवरचा फोटो, तसा तो होता. साम्राज्याचं माहितीपुस्तक म्हणा. तेव्हा खरोखर जुन्या होत्या त्या वास्तूंपैकी आल्बमात जागा मिळाली ती टाऊन हॉल, सेंट थॉमस कॅथीड्रल, बाणगंगा, घारापुरी अशा मोजक्यांना. वाडे, वखारी, गोठे, विहिरी, चाळी यांना गिऱ्हाईक नव्हतं.

थोडं विषयांतर करते, कारण हा भाग मला फार आवडतो. नंबर नसलेल्या फोटोची तारीख कशी काढायची? आपण मुंबईकर हे घरबसल्या करू शकतो. फोटोत राजाबाई टॉवर अर्धवट आणि बांबूच्या परातीत असेल तर तो १८७८ च्या आधीचा. रस्त्यात ट्रामचे रूळ दिसले तर १८७४ च्या नंतरचा, कारण घोड्याची ट्राम त्या वर्षी सुरू झाली. वर विजेची तार दिसली तर १९०७ नंतरचा. राणीचा संगमरवरी पुतळा १८७२ मध्ये बसला. काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, १८७९ मध्ये. दोन्ही १९६५ मध्ये तिथून हलवले, आता ते भायखळ्याला आहेत. समजा फोटोत राणी आहे पण काळा घोडा असायला हवा तिथे नुसती मोकळी जागा, तर फोटो १८७२ ते १८७९ मधला. त्यात टॉवरला परात दिसली तर १८७८ च्या पलीकडे जाता येत नाही. असं दोन्ही बाजूंनी आवळत जायचं.

एक सावधगिरी मात्र हवी. ही काच कधी उघडली त्याची तारीख झाली, कागद कधी छापला त्याची नाही. पेढ्या एकमेकींच्या काचा विकत घेत आणि स्वतःच्या नावाने छापत. बोर्न मायदेशी गेल्यावरही त्याच्या काचांवरून वर्षानुवर्षं प्रती निघत राहिल्या. त्यामुळे १८९० मध्ये विकत घेतलेल्या आल्बमात १८६५ चा फोटो सर्रास सापडतो आणि आल्बमच्या मालकाने खाली ऐटीत १८९० लिहिलेलं असतं.

आता १८९६ वर येते. हे वर्ष मुंबईच्या फोटोंच्या दृष्टीने विलक्षण आहे. ७ जुलैला वॉटसनच्या हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. त्याच वर्षी लाला दीनदयाळ यांनी मुंबईत स्टुडिओ उघडला. दीनदयाळ आमच्या पंथातले. रुरकीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकलेले, इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकं करणारे. इमारतीचा फोटो घेताना त्यांची उभी रेघ कधी कलत नाही, ती त्या शिक्षणामुळे असं माझं मत आहे. आणि सप्टेंबरमध्ये मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचा रोगी सापडला.

प्लेग आला आणि कॅमेरा पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर आपल्या गल्ल्यांत शिरला. १८९७ मध्ये जनरल गटाकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली. त्या मोहिमेचे फोटो कॅप्टन मॉस या लष्करी अधिकाऱ्याने आणि क्लिफ्टन अँड कंपनी या मुंबईच्या पेढीने काढले. ते मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा खूप वेळ पुढे गेले नाही. अरुंद गल्ली, लाकडी सज्जे, दोरीवरची धुणी, ओट्यावर दाटलेली माणसं. आजी सांगायची ती मुंबई, गठ्ठ्यातल्या फोटोंत कधीच न दिसलेली. पण फोटोचा विषय ती नाही. विषय आहे घरात शिरलेली तपासणीची तुकडी, बंबाच्या पाण्याने धुतली जाणारी घरं, कौलं काढून उघडी केलेली छपरं, भिंतीवर रोग्यामागे एकेक काढलेली वर्तुळं. काही घरांवर 'यू.एच.एच.' अशी अक्षरं रंगवत. अर्थ, माणसाने राहायला अयोग्य.

वॉटसनच्या हॉटेलाचा फोटो काढला तो ते विकत घेणारा प्रवासी होता म्हणून. मांडवीच्या घराचा फोटो काढला तो ते घर वाईट आहे हे दाखवून देणारी कमिटी होती म्हणून. राहणाऱ्याने दोन्ही वेळा पैसे दिले नव्हते, म्हणून राहणाऱ्याला त्या घराबद्दल काय वाटत होतं ते कुठल्याच काचेवर नाही.

१८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दाट वस्त्या पाडून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट काढला, सँडहर्स्ट रोड काढला. आपण ज्या सरदार वल्लभभाई पटेल रोडवरून शाळेत यायचो तो याच पाडापाडीतून निघालेला. मुंबईच्या ट्रस्टपुढे नमुना होता स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचा. त्या ग्लासगोच्या ट्रस्टने १८६८ मध्ये थॉमस अ‍ॅनन या फोटोग्राफरला नेमून, ज्या गल्ल्या पाडायच्या होत्या त्यांचे फोटो आधी काढून घेतले. अंधारी बोळं, ओल्या काचेवर लांबच लांब वेळ उघडा ठेवलेला कॅमेरा, हललेल्या मुलांचे पुसट चेहरे. अ‍ॅननला पैसे पाडणाऱ्यांनीच दिले होते. तरीही आज ग्लासगोकराला आपले पणजोबा कुठल्या बोळात राहत होते ते बघता येतं.

मुंबईच्या गल्ल्या बाजारात आल्या त्या त्यानंतर, पोस्टकार्डामुळे. १९०० च्या आसपास चित्रांची पोस्टकार्डं निघाली. आल्बम घेणारा एक असेल तर कार्ड घेणारे शेकडो. वस्तू स्वस्त झाली तशी विषयाची कंजुषी संपली आणि काळबादेवी रोड, भेंडीबाजार अशी नावं कार्डांवर दिसू लागली. कोरड्या काचा आल्या होत्या, त्यामुळे माणसंही हलता हलता पकडता येत होती. मला हौशीने जमवायला कार्डंच परवडतात. फक्त त्यांच्या रंगांवर जाऊ नका. ते छापखान्यात भरलेले असतात. एकाच इमारतीचं छप्पर एका कार्डावर लाल, दुसऱ्यावर हिरवं.

काचांचं पुढे काय झालं? काच फुटते. फोटोग्राफर म्हातारे होतात, दुकानं विकली जातात. बोर्न अँड शेपर्डची कलकत्त्याची इमारत १९९१ मध्ये जळाली आणि तिथल्या संग्रहाचा मोठा भाग गेला. २०१६ मध्ये दुकानही कायमचं बंद झालं. तरीही बोर्नचं काम जगभर शिल्लक आहे, कारण त्याच्या प्रती विकल्या गेल्या होत्या. शंभर घरांतल्या शंभर आल्बमांत पसरल्या होत्या. विक्रीमुळे निवड एकांगी झाली आणि विक्रीमुळेच ती टिकली. मला या धंद्यावर धड रागावताही येत नाही.

आता शाळा.

आपली जुनी इमारत पुढच्या वर्षी पाडून नवी बांधायची आहे, हे मघाशी अध्यक्षांनी सांगितलंच. या स्मरणिकेसाठी तुम्ही सगळ्यांनी जे फोटो पाठवलेत ते स्कॅन करून लावायचं काम माझ्याकडे होतं. दहापैकी नऊ फोटो वर्गाचे, पुढच्या दगडी पायऱ्यांवरचे. मधोमध खुर्चीत बाई किंवा सर, हाताच्या घड्या, पुढे पाटीवर इयत्ता आणि तुकडी. दरवर्षी एकच जागा, एकच कोन. का? फोटोग्राफरला माहीत होतं की वर्गात पन्नास मुलं आहेत, म्हणजे चाळीस प्रती नक्की खपणार. तो आपला बोर्न अँड शेपर्डच होता! त्याने पाटी ठेवली हे त्याचे उपकार, नाहीतर वर्षं लावताना माझी धडगत नव्हती.

पण मागच्या जिन्याचा एकही फोटो आलेला नाही. पाण्याच्या टाकीचा नाही, जिथे आपली अर्धी मैत्री जमली. प्रयोगशाळेतल्या त्या लांब ओट्याचा नाही. शिपाईमामा राहत त्या खोलीचा नाही. रंगमंचामागच्या अंधाऱ्या बोळाचा नाही. गच्चीच्या दाराचा एक आहे, तोही एका मुलाच्या डोक्यामागे, अर्धा. या जागांचे फोटो कुणी विकत घेतले नसते, म्हणून कुणी काढले नाहीत. आता फोनमध्ये फोटो फुकट निघतो, इमारत अजून उभी आहे आणि जिने आज आपल्यासाठी उघडे ठेवले आहेत.

तेव्हा काही विनंत्या आहेत. आज दुपारी सगळे मिळून सेल्फी काढालच, त्याआधी किंवा नंतर प्रत्येकाने आपापल्या एका जागेचा फोटो काढा, माणसांशिवाय आणि माणसांसह. तो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवू नका, तिथे चित्र दाबून लहान होतं आणि तारखेची नोंद पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सोबत दोन ओळी लिहा, कुठला मजला, तिथे काय होतं. घरी जुने कागदी फोटो असतील तर मागे मऊ पेन्सिलीने नावं आणि साल लिहा. बॉलपेन नको, त्याचा ठसा पुढे उमटतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. आणि कपाटात रोलच्या निगेटिव्ह सापडल्या तर त्या कचरा समजून टाकू नका, मला द्या.

बाई, तुमच्याकडे जुन्या स्नेहसंमेलनाचे फोटो आहेत असं कळलं आहे. त्यात मागे इमारतीची पश्चिमेकडची बाजू दिसत असेल, जी नंतर भिंत घातल्यावर झाकली गेली. तेवढे मला बघायचे आहेत.

चहानंतर मी ग्रंथालयाच्या दाराशी टेबल टाकून बसणार आहे. स्कॅनर आहे, पेन्सिली आहेत, नोंदवही आहे. पाकिटं घेऊन या, पाच मिनिटांत परत देते.